पुंगळीच्या मानेतली ऊब

१

सकाळचा दुसरा चहा झाला की मी मागच्या बाल्कनीत जाऊन बसतो. कपडे वाळत घालायला म्हणून मुलाने ती काचा लावून बंद करून घेतली होती. मग तो बोटीवर नोकरीला परत गेला आणि बाल्कनी माझी झाली. तिथे एक टेबल आहे. टेबलावर दांड्याने दाबायचं छोटं प्रेस, माप घ्यायचं व्हर्निअर, बोटभर ज्योतीची गॅसची टॉर्च, पाण्याचं पातेलं आणि लाकडी ट्रेमध्ये उभ्या करून ठेवलेल्या पितळी पुंगळ्या.

माझी नात रिया तीनशे मीटरवरची रायफल खेळते. तिची काडतुसं बाहेरून येतात, हवी तेव्हा मिळत नाहीत. म्हणून झाडलेल्या काडतुसाची पुंगळी टाकून न देता पुन्हा भरतात. भरण्याचा परवाना क्लबाकडे आहे. दारू, गोळ्या, सगळं तिकडेच कुलपात असतं आणि भरण्याचं काम क्लबची शस्त्रं सांभाळणारा कुंदन करतो. घरी येतात त्या फक्त रिकाम्या पुंगळ्या, आणि त्यांच्यातही माझं काम एवढंच: मान.

मान म्हणजे पुंगळीचा पुढचा अरुंद भाग. गोळी त्यात धरलेली असते. प्रत्येक बाराला, म्हणजे गोळी झाडली की, ही मान रायफलीच्या आत फुगते, कडक होते आणि केसभर लांबते. कडक झालेलं पितळ एक दिवस चिरतं. मान चिरली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. क्वचित तापलेला वायू मागे येतो, आणि मागे नेमबाजाचा गाल असतो. माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात ते ‘बहुतेक वेळा’ राहत नाही, ‘क्वचित’ राहतं.

म्हणून प्रत्येक पुंगळी साफ करायची, मान ज्योतीत धरायची, रंग पालटू लागला की पाण्यात सोडायची. मग साच्यात दाबून मापात आणायची, वाढलेली लांबी कापायची, तोंडाची कड गुळगुळीत करायची. रंग पालटताना दिसावा म्हणून मी जाड पडदा ओढून अंधार करतो. तापवल्यावर पितळ मऊ का होतं हे आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. हाताने करायला लागलो निवृत्तीनंतर. मधुमेहाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत, कडेची धार बोटाला कळत नाही. त्यामुळे मी पुंगळीचं तोंड खालच्या ओठाला लावून पाहतो. ओठ अजून शाबूत आहे.

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. गेल्या वर्षी रिया थोडक्यात राहिली होती. या वेळी तिला लागणारा सगळा संच माझ्या ट्रेमध्ये उभा होता.

२

सोमवारी सकाळी मी आदल्या दिवशीच्या पुंगळ्या एकेक करून ओठाला लावत होतो. थंड, थंड, थंड. मग एक कोमट लागली.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. नुकताच चहा प्यायलो होतो, ओठच तापलेला असणार. मी चूळ भरली, थोडा वेळ पेपर वाचला आणि पुन्हा लावून पाहिली. कोमट. शेजारची थंड. मग उन्हाचा संशय घेतला, पण पडदा सकाळपासून ओढलेला होता आणि ऊन त्या बाजूला दुपारनंतर येतं.

मी तिला उलटी करून बूड ओठाला लावलं. बूड थंड होतं.

हे मात्र मला आवडलं नाही. पितळ उष्णता धरून बसणारा धातू नाही. बोटाएवढ्या पुंगळीची मान गरम असेल तर बुडापर्यंत ऊब पोचायला क्षण पुरतो, आणि थोड्या वेळात सगळीच थंड पडते. मान गरम आणि बूड गार, हे टिकायचं असेल तर मानेला कुणीतरी ऊब देत राहायला हवं. पहिल्या वर्षाच्या मुलानेही हे सांगितलं असतं.

ती पुंगळी मी एका स्टीलच्या वाटीत वेगळी ठेवली. घाबरलो होतो का? नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी सकाळ छान गेली. दिवसभर मी तिच्याकडे फेऱ्या मारत होतो, मांजरीने पिल्लं घातली असावीत तसा.

३

मंगळवारी मानेच्या आत काजळी होती.

मी पुंगळ्या साफ करतो तेव्हा कान साफ करायच्या कापसाच्या काडीने मान आतून पुसतो. काडी पांढरी बाहेर आली की काम झालं. ही पुंगळी मी सोमवारी पुसली होती. मंगळवारी काडी काळी निघाली आणि तिला जळलेल्या दारूचा वास होता. कुणाला माहीत नसेल तर सांगतो, तो वास दिवाळीच्या फटाक्यांसारखा नसतो. तिखट आणि थोडा अमोनियासारखा असतो. रियाच्या जॅकेटला येतो.

मग मी तिची लांबी मोजली. वाढली होती, केसभर. एका बाराला वाढते तेवढी.

कापली, पुसली, आणि या खेपेला लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. किल्ली हरवली नाही हे दिवसातून अनेकदा चाचपून पाहिलं. बुधवारी कपाट उघडलं: काजळी, ऊब, केसभर लांबी.

म्हणजे रोज ही पुंगळी कुठेतरी झाडली जात होती आणि सकाळपर्यंत माझ्याकडे परत येत होती. लिहिताना हे वाक्य मी दोनदा खोडलं. पण धातूची भाषा मला एवढीच येते, आणि त्या भाषेत याचा दुसरा अर्थ निघत नाही.

यापुढे मी जे केलं ती चूक होती, आणि ती माझ्यासारख्यानेच करावी. दुसऱ्या कुणीही ती पुंगळी फेकून दिली असती. मी साच्यात दाबून पाहिली तेव्हा मान दाबल्यावर पुन्हा थोडी उघडत होती. कडक झाली होती. दोन-चार बार आणखी, मग चिरली असती आणि प्रकरण आपोआप संपलं असतं. पण कडक मान दिसली की ती मऊ करायची, ही माझ्या हाताची सवय. मी पडदा नीट केला, टॉर्च पेटवली आणि तिची मान ज्योतीत धरली. पितळावर निळसर वलय चढत गेलं. सुंदर दिसत होतं. पाण्यात सोडली तेव्हा चर्र झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी तिचं आयुष्य वाढवलं होतं.

गुरुवारी ती ओठाला भाजली.

४

ओठावर फोड आला तो माझ्या सुनेला, विनिताला, नाश्त्याच्या वेळी दिसला. विनिता फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाच्या चालण्याउठण्यात काय बिघडलंय हे तिला दारातून कळतं. चहा गरम होता असं मी म्हणालो. तिने माझा कप हातात घेऊन पाहिला आणि पोह्यांवर लिंबू पिळून ते माझ्यासमोर ठेवले.

डबा भरून झाल्यावर ती परत आली आणि खुर्ची ओढून बसली.

“आप्पा, स्पष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या हातून काही राहून जात असेल तर रविवारच्या आत सांगा. माझ्या पोरीचा डोळा आहे तो.”

मी म्हणालो की काही राहून जात नाही. मग प्रामाणिकपणे म्हणालो की मला तसं वाटतं. त्यानंतर तर मी असंही म्हणालो की माझ्या या वाटण्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला नक्की सांगता येणार नाही. विनिता हसली, पण डोळ्यांनी हसली नाही. शनिवारी दुपारी संच भरायला क्लबवर जाणार होता. तोवर विचार करा, म्हणाली.

विचार सोपा नव्हता. ही एक पुंगळी विचित्र आहे असं सांगितलं तर सगळा संच बाद होणार, दुसरा तयार नाही, आणि रियाचं आणखी एक वर्ष जाणार. गप्प राहिलो आणि माझ्या डोक्यातच काही बिघडलेलं निघालं, तर बाकीच्या माना मी नीट केल्या असतील कशावरून?

५

म्हणून शुक्रवारी मी कुंदनकडे गेलो. पळस्पे फाट्यापर्यंत रिक्षा केली, तिथून गोव्याच्या रस्त्याला लागणाऱ्या टमटममध्ये एका कोळणीच्या टोपलीशेजारी जागा मिळाली. शिरढोणच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला क्लबची रेंज आहे. त्या दिवशी ती बंद होती. कुंदन शेडमध्ये बसून रायफलीच्या नळ्या पुसत होता.

मी त्याला थोडंच सांगितलं. ऊब आणि काजळी. लांबीचं सांगितलं नाही. पुंगळी ओठाला लावतो हे ऐकून मात्र त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“हिला तुमी ओठाला लावता, सर? माज्या घरी हे कळलं तर मला जेवान नाय मिळनार.”

मग त्याने ती दुसऱ्या पुंगळीबरोबर मुठीत घेऊन कानापाशी खुळखुळवली. चिरलेली पुंगळी बद्द वाजते. ही स्वच्छ वाजली. बरी हाय, म्हणाला. तळहातावर ठेवून पाहिली.

“थंड हाय, सर.”

पण एवढं बोलून त्याने ती दुसऱ्या हातात घेतली आणि पहिला हात पँटला पुसला. मग ती टेबलावर ठेवली. नंतर तिला हात लावला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. बाद झालेल्या पुंगळीचं तोंड पकडीने दाबून चपटं करायचं, म्हणजे ती चुकून कुणी भरू नये. कुंदनने खणातून पकड काढली आणि माझ्यासमोर सरकवली. एक कमी झाल्याने रियाचं काही अडत नाही, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मी पकड उचलली. तोंड जबड्यात धरलं. आणि थांबलो.

ही पुंगळी माझ्या हातात आहे आणि रोज कुठल्यातरी रायफलीतही आहे. मी इथे तोंड चपटं केलं आणि त्याच क्षणी तिथे ती रायफलीत भरलेली असली, तर? गोळीला बाहेर पडायला वाट राहणार नाही. मग चिरलेल्या मानेसारखं ‘क्वचित’ उरणार नाही. मागच्या माणसाचा चेहराच उरणार नाही.

मी पकड परत दिली आणि पुंगळी खिशात घातली.

“लळा लागलाय तुमाला हिचा,” कुंदन म्हणाला, आणि पुन्हा नळ्या पुसायला लागला. मी फाटकापाशी वळून पाहिलं तेव्हा त्याचे हात थांबलेले होते.

६

घरी येऊन मी पडदा ओढला आणि बसून राहिलो. मागच्या माणसाचा चेहरा, हे शब्द डोक्यातून जात नव्हते.

पुंगळीच्या बुडात एक बारीक भोक असतं. ठिणगी त्यातून आत शिरते. पुंगळी रायफलीत असते तेव्हा तोंड टार्गेटकडे आणि हे भोक नेमबाजाकडे असतं. मी सहज तोंडातून आत पाहिलं. भोकातून उजेड दिसत होता. पिवळट, दुपारच्या उन्हासारखा. पुंगळीचं बूड मी पडद्याकडे धरलं होतं, आणि पडदा काळा होता.

मी ट्रेमधली दुसरी पुंगळी तशीच धरली. तिच्यात अंधार.

अंधारी डबी आणि तिला बारीक भोक असलं की बाहेरचं दृश्य आत उलटं उमटतं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मी स्वयंपाकघरातून बटर पेपरचा तुकडा आणला. आधी साध्या पुंगळीच्या तोंडावर ताणून लावला आणि तिचं बूड आतल्या खोलीच्या खिडकीकडे केलं. कागदावर टिकलीएवढं चित्र आलं, खिडकीचं ग्रिल, धुरकट आणि उलटं. ठीक. मग तोच कागद त्या पुंगळीला लावला आणि तिचं बूड पडद्याकडे केलं.

पिवळा उजेड. त्यात एक तपकिरी पट्टा. पट्ट्याला चिकटलेलं काहीतरी फिकट आणि गोलसर.

मी भोकावर अंगठा दाबला. चित्र गेलं नाही.

सुलटं दिसावं म्हणून मी मान खाली वाकवून डोकं टेबलावर उलटं टेकवलं. तपकिरी पट्टा म्हणजे रायफलीचा लाकडी दस्ता असू शकला असता. फिकट गोल म्हणजे त्यावर टेकवलेला गाल. गालाच्या वर एक काळसर ठिपका, डोळ्याच्या जागी. त्यापलीकडे माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काही दिसेना. मी ॲल्युमिनियमच्या कागदाला सुईने टोचून आणखी बारीक भोक केलं आणि ते बुडावर लावलं. अंगठ्याने जाणारं चित्र नव्हतं ते, पण याने मात्र रेखीव झालं. का, ते मला सांगता येणार नाही. गाल कडेला ओघळल्यासारखा वाटला. तो हलला. दस्त्यावर नीट बसला, श्वास अर्धा सोडून नेमबाज बसतात तसा.

मग कागद पांढराफेक झाला. आवाज काही नाही. बोटांना काही कळलं नाही, पण करपल्याचा वास आला. बटर पेपरला मधोमध तपकिरी डाग पडला होता.

“आप्पा, काय करताय?”

विनिता दारात उभी होती आणि मी टेबलावर डोकं उलटं टाकून बसलेलो. मी म्हणालो, मान आखडली आहे. ती आली, दोन्ही हातांनी माझी मान धरून हळूहळू फिरवून पाहिली, आणि म्हणाली की मान तर चांगली मोकळी आहे. त्या वेळी पुंगळी माझ्या मुठीत होती.

७

शनिवारी दुपारी रिया ट्रे न्यायला आली. मी ट्रेवर हात ठेवून बसलो होतो.

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीच्या उबेपासून कागदावरच्या डागापर्यंत. शेवटी म्हणालो की उद्या तू रायफलीला गाल लावू नकोस, एक वर्ष जाईल तर जाऊ दे. माझा आवाज कापत होता, त्यामुळे सगळं खोटं वाटत होतं, मलासुद्धा.

ती आधी हसली. आजोबा, डॉक्टरांनी गोळी बदललीय का, असं विचारलं. मग मी पुंगळी तिच्या हातात दिली. तिच्या बोटांना सगळं कळतं. तिचं हसू गेलं. तिने मान दोन बोटांत धरली, मग बूड, मग पुन्हा मान.

“दाखवा.”

मी नवा कागद लावला आणि पडदा ओढला. तिने आधी मोबाइलवर फोटो काढून पाहिला, म्हणजे चित्र फिरवून सुलटं करता येईल. फोटोत नुसता कागद आला, कोरा. तिने मोबाइल बाजूला ठेवला. माझ्यासारखीच वाकली, केस जमिनीला टेकले, आणि पुंगळी डोळ्यासमोर धरली. रियाची नजर म्हणजे तीनशे मीटरवर कागदाचं भोक ओळखणारी नजर. ती बराच वेळ पाहत राहिली. वरून एक विमान गेलं, काचा थरथरल्या, तिचा हात थरथरला नाही.

मी पलीकडे बसून वाट पाहत होतो. मला भीती वाटायला हवी होती. पण उत्तरपत्रिका तपासून हातात यायची वाट पाहणाऱ्या मुलासारखी मला नुसती उत्सुकता दाटून आली होती. कुणाचा आहे, एवढंच.

ती सरळ झाली. चेहरा लाल झाला होता, वाकल्यामुळे असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, उजव्या गालाकडे.

“तूच आहेस ना?” मी विचारलं.

“नाही.”

मी सुटकेचा श्वास सोडला आणि मग तो नीट सुटला नाही. ती अजून तिथेच पाहत होती. मी उगीचच म्हणालो की मी आयुष्यात कधी रायफल खांद्याला लावलेली नाही. असं मला कुणी विचारलं नव्हतं.

“माहितीये,” रिया म्हणाली.

तिने ट्रे उचलून दाराशी नेऊन ठेवला आणि परत आली. टेबलापाशी उभी राहून एकेक शब्द वेगळा करून बोलली, लहानपणी मी तिला गणित समजावायचो तशी.

“उद्या मी खेळणार आहे. या ट्रेमधल्यांनीच. तुम्ही यायचं नाही. उद्याही नाही आणि नंतर कधीच नाही, आजोबा. रेंजवर पाऊल टाकायचं नाही. कुंदनदादा बोलावेल, मी बोलावीन, कोणीही बोलावलं तरी.”

मी बरं म्हणालो.

मग तिने टॉर्च पेटवली. मी पुढे केलेला हात बाजूला सारून तिने स्वतःच पुंगळीची मान ज्योतीत धरली आणि हळूहळू फिरवू लागली, चिरू नये म्हणून, मऊ राहावी म्हणून. निळं वलय चढत गेलं. रंग पालटताना पुंगळीवरून नजर काढायची नसते हे मीच तिला शिकवलं होतं. तिची नजर माझ्या गालावर होती.

कोण, ते मी विचारलं नाही. विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते तोंडातून बाहेर पडेना: तो माणूस माझ्याइतकाच म्हातारा दिसतो, की थोडा जास्त?